आधीचीचं अक्षर

केसांचा आकडा. गंजलेला, एका टोकाला वाकलेला — आणि त्यात अडकवलेले वीसेक कागद. शब्दकोश काढायला तिने नवऱ्याच्या कपाटाचा खालचा खण उघडला होता, आणि फायलींच्या मागून हा हाती लागला. आकडा आपला नाही एवढं तिला लगेच कळलं. अक्षर ओळखायलाही वेळ लागला नाही... स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी सहा वर्षं रोज डोळ्यांसमोर होती, तोच पाय ओढत चालणारा 'र'. त्याच्या आधीच्या बायकोचा. तापाने गेलेल्या.

कागदांवर त्याच्या पहिल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण होतं, खाडाखोडीसकट. मेलेली बायको बंद दारामागून नवऱ्याशी बोलते, ते. ते वाचूनच तर मी या माणसाच्या प्रेमात पडले. बाईच्या मनातलं इतकं ओळखणारा पुरुष — म्हणून आईचा वर्षभराचा अबोला सोसला... आणि लिहिलं होतं बाईनेच. "तिला कुठलं वाचन! पुस्तक हातात घेतलं की घोरायची," असं तो हसत सांगायचा. मीही हसायचे. बरं वाटायचं ऐकायला.

टेबलावर नव्या कादंबरीचं शेवटचं प्रूफ पडलं होतं. पुन्हा एक जुनं घर, एक कुलूपबंद खोली, एक नवी नवरी. "जरा हात फिरव," म्हणून त्याने दिली, आणि हात फिरवता फिरवता शेवटची चार प्रकरणं तिचीच झाली. अर्पणपत्रिकेत मात्र — 'पत्नीस, जिने चहा आणि शांतता पुरवली.' चहा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापला होता त्याने, दोघींचा.

शेवटचं प्रूफ तो कधी बघत नसे. मुखपृष्ठावरचा आपला फोटो तेवढा न्याहाळायचा. 'छापण्यास हरकत नाही' ही ओळ आणि खालची सही तिची असायची. चार वाजता प्रेसवाले काका न्यायला येणार होते.

तिने शीर्षकपानावरचं त्याचं नाव खोडलं. एकच आडवी रेघ — पण काय सुख वाटलं! प्रकाशन समारंभात, चारचौघांत, तो ऐटीत पान उलटेल... ते तोंड मला बघायचंय. खाली तिने स्वतःचं नाव लिहिलं, वर एक ओळ सोडून. पहिला मान आधीचीचा. तिने त्या ओळीवर लाल पेन्सिल टेकवली आणि ती थांबली.

नाव?

माहीतच नव्हतं. लग्न ठरताना तो सांगायला लागला, तेव्हा मीच कानांवर हात ठेवले होते. "तिचं नाव या घरात निघता कामा नये." त्याने किती शहाण्यासारखं ऐकलं! किती सोयीचं झालं असेल त्याला... पुरलं त्याने, पण माती लोटायला माझेही हात होते.

"झालं का गं?" बाहेरच्या खोलीतून तो ओरडला. "काका येतीलच आता."

"झालंच. अहो... तिचं नाव काय होतं?"

आरामखुर्चीची करकर थांबली.

"कोणाचं?"

"आधीचीचं."

तिने कान देऊन ऐकलं. "थांब हं... काय बरं..." तो पुटपुटला. खरोखरच आठवायला बघत होता. तिचा राग तसाच होता, उलट वाढला. पण आता त्यातला थोडा तिच्या स्वतःच्याही वाटणीला आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते तिला कळेना. दारावर थाप पडली. रिकाम्या ओळीवरून तिने पेन्सिल उचलली नाही.