शिशाचा ड्रॅगन

अश्विनच्या शोकेसमध्ये अंगठ्याएवढे शिशाचे पुतळे होते. ड्रॅगन, कुऱ्हाडवाले बुटके, टोकदार टोपीचे जादूगार. सगळे इंग्लंडात फार वर्षांपूर्वी ओतलेले. तो ते मोडक्या अवस्थेत ऑनलाइन मागवायचा, डेटॉलमध्ये भिजवून जुना रंग टूथब्रशने काढायचा आणि बारीक ब्रशने नव्याने रंगवायचा. तुटलेला हात किंवा भाला जोडायला मात्र त्याला बाबा लागत. यादोराव एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. भिंगाखाली सुईएवढं भोक पाडून ते आत तार बसवून देत. भंडाऱ्याच्या घरात ती शोकेस बैठकीत लावायचा हट्टही त्यांचाच. "लोकायले दिसू दे," म्हणाले होते.

अश्विनसाठी मुलगी पाहून झाली होती. आता मुलीचे वडील, करडी गावचे खुशालराव, घर बघायला आले. सोबत मुलगी प्रतिक्षा आणि तिचा मामा. मामा शोकेससमोर थांबला.

"जवाईबापू अजून खेळण्यायशी खेळतेत का जी?"

सगळे हसले. अश्विनचे कान तापले. "माझे नाहीत," तो म्हणाला, "बाबांचे आहेत. रिटायर झाल्यापासून नाद लागलाय."

यादोरावांच्या हातात पोह्यांची प्लेट होती. ती त्यांनी मामापुढे ठेवली. "हो जी," म्हणाले, "टाइमपास होते."

"म्हातारपणी बचपन!" मामा म्हणाला. यादोरावही हसले.

प्रतिक्षा काचेजवळ वाकली. "काका, ह्या ड्रॅगनच्या पंखावर हे जाळीसारखं काय आहे?"

त्या शिरा अश्विनने काढल्या होत्या. तो चहाच्या कपात बघत राहिला.

"गंज असंन, बाई," यादोराव म्हणाले. मामाला हसू आवरेना.

पाहुणे गेल्यावर आई, पंचफुला, कप उचलू लागली. यादोराव खांद्यावरच्या दुपट्ट्याने शोकेसची काच पुसत होते.

"माह्या ध्यानातच नाही आलं रे," ते म्हणाले. "तुह्या मेहनतीले मी गंज म्हणून टाकलं. राग नको मानू."

अश्विनला तिथे उभं राहवेना. त्याने गाडी काढली आणि थेट बसस्टँड गाठला. करडीची बस अजून लागायची होती; पाहुणे फलाटावरच उभे होते.

"ते पुतळे माझे आहेत," धापा टाकत तो म्हणाला. "बाबांचं नाव मी उगाच पुढे केलं."

खुशालराव गोंधळले. "एवढंच सांगाले आले का जी? त्यात काय लाजाचं होतं?"

मामाने मान दुसरीकडे वळवली. प्रतिक्षा मात्र त्याच्याकडे बघत होती.

"मले तवाच समजलं," ती म्हणाली. "तुमच्या नखात रंग होता. काका गंज म्हणाले तवा तुम्ही बोलान असं वाटलं होतं मले."

त्याने बोटं मुठीत मिटली. बस लागली, ते चढले.

पुढल्या आठवड्यात खुशालरावांचा फोन आला. पोरगी नाही म्हणते, एवढंच ते कसंबसं बोलले.

यादोरावांनी फोन खाली ठेवला. "माह्यामुळं झालं का रे? मी गंज म्हटलं म्हणून?"

"नाही बाबा, माह्यामुळं," अश्विन म्हणाला. पण त्यांच्याकडे बघून म्हणणं त्याला जमलं नाही.