लागलं का?

सावळीरामच्या हातातून तबकडी सुटली आणि त्याच्याच चपलेवर पडली. मागे जमलेली सगळी कॉलनी हसली. नव्या खेळाची पहिली फेक त्यानंच करावी असा कारखान्याच्या क्षेमकल्याणी साहेबांचा आग्रह होता, कारण बागेतल्या नऊही टोपल्यांचं वेल्डिंग सावळीराम पागारेनं केलेलं. होतं असं, पुन्हा टाका, साहेब म्हणाले. सावळीरामनं तबकडी उचलली आणि करंगळीनं, तिच्या शेजारच्या बोटानं ती नीट धरलीय की नाही ते डोळ्यांनी पाहून घेतलं. पाहिल्याशिवाय त्याला ते कळत नव्हतं.

दोन वर्षं झाली होती त्याला. आधी उजव्या हाताची करंगळी, मग शेजारचं बोट, मग तळहाताची तेवढी कड, सगळं बधिर. बायकोनं, सुमनबाईनं दिलेला चहाचा पेला गरम आहे की कोमट, हे तो तिच्या पदराकडे बघून ठरवायचा. पदरानं धरून आणला म्हणजे गरम. बरं, सांगायचं कुणाला? त्याच्या लहानपणी गावाकडं असाच हात गेलेल्या एका माणसाला वेशीबाहेर झोपडं बांधून दिलं होतं आणि त्याची भाकरी लांबून ठेवत. महारोग म्हटलं की वेल्डिंग गेलं, नोकरी गेली, कॉलनीच्या नळावर सुमनबाईच्या हंड्याशेजारी कुणी हंडा ठेवायचं नाही. पहिले सहा महिने त्याची झोप उडाली होती. पुढं पुढं भीतीचंही बोटांसारखंच झालं.

आणि गंमत अशी, की कारखान्यात ह्याच हाताचं केवढं कौतुक! पागारे तापलेला लोखंडी जॉब नुसत्या हातानं उचलतो, लोखंडाचा हात आहे त्याचा, असं नव्या माणसाला मुद्दाम दाखवून सांगत. सावळीराम आपलं काम करत राही. सुरुवातीला त्याला त्याची लाज वाटायची, आता तीही वाटत नव्हती.

खेळ साहेबांनी अमेरिकेहून आणलेला. सहा महिने तिकडं राहून आले ते बॅगेत डझनभर प्लास्टिकच्या तबकड्या घेऊनच. खांबावर लोखंडी टोपली, तिच्या वर गोल टांगलेल्या साखळ्या. लांबून तबकडी फेकायची, ती साखळ्यांना लागून टोपलीत पडली की झालं. कमीत कमी फेकींत नऊ टोपल्या पुऱ्या करील तो जिंकला. साखळ्या शहरातल्या द्वारका चौकातल्या दुकानातून आणल्या. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, ही तर कोंबड्यांची डालगी, उलटी टांगलीत. तेव्हापासून त्यांना डालगंच नाव पडलं, साहेबसुद्धा तसंच म्हणायला लागले.

सावळीरामच्या जोडीला लेथवरचा निसार होता आणि कारखान्याच्या दवाखान्यातली हाजरा सिस्टर. निसारला तोंड आवरत नाही. कुणीही फेक केली की तो लांबून विचारणार, लागलं का? पाचव्या डालग्याला सावळीरामची तबकडी एकाच फेकीत गेली. साखळ्या खणखणल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याला आता आनंद व्हायला पाहिजे हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून तो हसला.

सातव्या डालग्यापाशी पोचेपर्यंत एप्रिलचं ऊन चांगलंच चढलं होतं. निसारनं आपली तबकडी काढायला हात घातला आणि चटक्यानं झटक्यात मागे घेतला.

"पागारे, तूच काढ यार. तुला कुठं भाजतंय."

सावळीरामनं हात घातला, तबकडी काढून दिली आणि आठव्याकडे चालू लागला. निसारनं हातातली तबकडी पाहिली. पांढरी होती ती, आता कडेला लाल झाली होती. हाजरा भराभर पुढं आली.

"भाऊ, लागलं तुम्हाला."

"नाय सिस्टर. नाय लागलं."

त्याच्या बोटांवरून रक्त गवतावर ठिबकत होतं. आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. त्यानं हात वर केला, बघितलं, मग मागे जाऊन डालगं बघितलं. आतल्या कडेला वेल्डिंगचा एक धारदार कंगोरा तसाच राहिला होता. परवा त्यानंच त्या कडेवरून हात फिरवून पाहिला होता. काही टोचलं नाही, म्हणून तिथं कानस मारली नव्हती.

निसार कौतुकानं म्हणाला की बघा, म्हटलं नव्हतं, लोखंडाचा हात. हाजरा हसली नाही. तिनं निसारला पुढं खेळायला पाठवलं आणि सावळीरामला कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं. जखमेत टिंक्चर घातलं की दांडगे दांडगे फोरमन ओरडतात, हे तिला रोजचं. हा शांतपणे खेळ बघत बसला होता. पट्टी बांधून झाली तशी तिनं औषधांच्या पेटीतला कापूस काढला.

"डोळे मिटा. बोटाला कापूस लागला की सांगा."

सावळीराम काय ते समजला. त्यानं डोळे मिटले. सिस्टरला पुढं वाकायला, कापूस लावायला किती वेळ लागेल याचा त्यानं अंदाज बांधला आणि म्हणाला, "लागला." थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "हां, आता लागला."

"मी अजून लावलाच नाही, भाऊ."

त्यानं डोळे उघडले. कापूस तिच्या मांडीवर होता.

किती दिवस झाले, तिनं विचारलं. दोन वर्षं, तो म्हणाला. एवढं सांगायला काहीच वेळ लागला नाही, याचंच त्याला नवल वाटलं. मग हाजरा बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. आता गोळ्या निघाल्यात, रोग थांबतो, झोपड्याचे दिवस गेले. उद्या ती स्वतः त्याला डॉक्टरांकडं नेणार होती आणि तोवर कुणाशी बोलणार नव्हती; सुमनबाईला मात्र आजच सांगा म्हणाली. गेलेली जाणीव परत येईल का, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही ते सांगितलं नाही.

"सिस्टर, त्या सातव्यात कुणी हात घालंल," तो उठत म्हणाला. "कानस मी उद्या मारतो. पण नंतर हात फिरवून बघायला दुसरं कुणीतरी लागंल."

तो सातव्या डालग्यापाशी जाऊन उभा राहिला. खेळ संपेपर्यंत तिथंच होता. कुणाची तबकडी पडली की, थांबा, मी देतो, म्हणायचा आणि डाव्या हातानं जपून काढून द्यायचा. लोखंड तापलं होतं. दर वेळी त्याला चटका बसत होता.