जिभेखालचं मौन

ताई ओलं कापड झटकायची तेव्हा चाबूक ओढल्यासारखा आवाज व्हायचा. एप्रिलच्या सकाळी, खाडीवरून येणारा खारट वारा अजून तापायचा असताना, कोपरखैरण्याच्या आमच्या बुटक्या, पिवळट इमारतींच्या रांगेत तो आवाज उठला की समोरच्या कठड्यावरचे कावळे उडत, आणि एक मजला खाली, माझ्या खोलीत, मला कळायचं की ताई आज बरी आहे. बरी आहे म्हणजे रागात आहे. तिच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. वैशाखातल्या उन्हाला जसा स्वतःचा एक कोरडा, स्वच्छ वास असतो तसा तिच्या रागाला होता. त्यात कुढणं नव्हतं, आकस नव्हता, अन्याय दिसला की तो सरळ ज्योतीसारखा उभा राही.

विजया, माझी थोरली बहीण. उंच, सावळी, चालताना अंग किंचित पुढे झुकवून वारा छातीवर घेत असल्यासारखी चालणारी. हात मात्र त्या चालीला न शोभणारे, मऊ आणि विलक्षण सावकाश. वाशीच्या एका खासगी रुग्णालयात ती नर्स होती. शीर सापडेना म्हणून रडवेल्या झालेल्या म्हाताऱ्यांच्या मनगटावर ती दोन बोटं ठेवायची, आणि झोपलेल्या पाखराला उठवावं तशी ती शीर वर यायची. मोहनभाऊजी, तिचे यजमान, बेलापूर रस्त्यावरच्या रसायनांच्या कारखान्यात होते. अबोल, सरळ, साताऱ्याकडचे. त्यांची मुलगी प्राजक्ता, आमची प्राजू, तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. मी शिक्षिका, एकटी, त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर. दुपारी पारसिकच्या डोंगरात खाणीचे सुरुंग उडायचे, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आणि प्राजू न चुकता ताईच्या पदरात शिरायची. एवढंच आमचं सुख होतं, आणि ते पुरेसं होतं.

एका धिप्पाड रुग्णाला पलंगावर सरकवताना ताईच्या कमरेत काहीतरी निखळलं. तिने रजा मागितली. रुग्णालयाचे मालक असलेले डॉक्टर हसून म्हणाले, "सिस्टर, रजा कसली मागता? माणसं कुठून आणू मी? एक इंजेक्शन घ्या, उभ्या राहाल."

पहिलं इंजेक्शन त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं. अफूच्याच कुळातलं औषध होतं ते. ताई उभी राहिली. पुढचे कित्येक महिने ती त्याच आधारावर उभी राहत गेली, दुहेरी ड्यूट्या करत गेली, आणि कुणाच्या लक्षात येण्याआधीच औषध कमरेसाठी राहिलं नाही. ते न मिळालं तर तिचं सगळं अंगच कमर होऊन ठणकू लागलं.

त्या काळातली ताई मला आठवते ती कार्तिकातल्या धूसर संध्याकाळसारखी. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, शब्द ओठांपाशी येऊन विरघळणारे, कुणी काही बोललं तरी एक फिकट हसू. दूधवाल्याने पाणी घातलं, हसू. सासूबाईंनी माहेर काढलं, तरी हसू. तिचा राग नाहीसा झाला होता आणि घरादाराला त्याचा कोण आनंद! गावाहून आलेल्या सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची इजया आता लई गुणाची झालीया. उलटा सबूद न्हाई." आजाराची सगळ्यांत भीषण खूण जी होती, तिचीच लोक आरती ओवाळत होते. आजही ते वाक्य आठवलं की माझ्या दातांवर दात येतात.

मग ते उघडकीला आलं. औषधांच्या कपाटापाशी ती सापडली आणि त्याच डॉक्टरांनी तिला त्याच दुपारी काढून टाकलं. भाऊजींना समोर बसवून म्हणाले, "तुमच्या मिसेसच्या संस्कारांचा प्रश्न आहे हो. आम्ही काय करणार?" भाऊजी खाली मान घालून घरी आले. संस्कार! सुई कुणाच्या हातात होती पहिल्यांदा, हा प्रश्न त्या थंडगार केबिनमध्ये कुणी विचारला नाही.

पनवेलच्या पलीकडे एक व्यसनमुक्ती केंद्र होतं, तिथे नातेवाइकांनी तिला नेऊन घातलं. दाराला बाहेरून कडी. पहाटे गार पाण्याच्या बादल्या, मग प्रार्थना, मग फरशी पुसणं. उलट्यांनी मोडून पडलेल्या बाईला तिथले गुरुजी रोज एकच शब्द पाजत: मनोबल. पाय आखडतायत? मनोबल कमी. झोप नाही? मनोबल वाढवा. ज्या बाईने मोडक्या कमरेनिशी दुसऱ्यांची अंथरुणं बदलली तिला ही माणसं मनोबल शिकवत होती. ती परत आली तेव्हा काडी झाली होती, आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा सुईपाशी गेली. लोक म्हणाले, "बघा, हिला सुधारायचंच नाही."

भाऊजींच्या कारखान्यातल्या कुणीतरी खाडीपलीकडच्या एका सरकारी रुग्णालयाचं नाव सांगितलं. मी तिला बसने घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई प्रौढ, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ताईला एकदाही 'का केलंस' विचारलं नाही. म्हणाल्या, "तुमचं शरीर एका औषधावर बेतलं गेलंय. ते एकदम ओढून काढलं तर ते परत तिकडेच धावणार. आपण त्याला दुसरं, संथ औषध देऊ. नशा चढणार नाही, त्रासही होणार नाही. मग तुम्ही तुमचं आयुष्य जगा. कमी करायचं ते पुढे, सावकाश, माझ्या सांगण्याने."

आधीचं औषध अंगातून उतरून त्रास सुरू झाल्याशिवाय ही गोळी देता येत नाही, म्हणून ताईला बाकावर थांबावं लागलं. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांमागून जांभया, अंगावर काटा. मी तिचा हात धरून बसले होते आणि मला जगातल्या प्रत्येक माणसाचा राग येत होता, तिचासुद्धा. मग ती इवलीशी पांढरी गोळी आली. "जिभेखाली ठेवा. पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही," बाई म्हणाल्या. ताई डोळे मिटून बसली. भरती ओसरल्यावर खाडीचा चिखल जसा हळूहळू स्थिर होतो, तसे तिचे खांदे खाली आले. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि तिच्या जुन्या, खडखडीत आवाजात विचारलं, "इथं चहा कुठं मिळतो गं?"

मी रडले. ती वैतागली. "रडतेस काय? चहा विचारला, विष नाही."

रोज सकाळी ती गोळी आणि ते मौन, आणि नंतर उभा दिवस. ती पुन्हा प्राजूच्या वेण्या घालू लागली, दूधवाल्याला जिन्यातच गाठू लागली. तुर्भ्याला शर्टांना बटणं लावायचं काम तिने धरलं, कारण नर्स म्हणून तिला दारात उभं करणारं कुणी उरलं नव्हतं. आणि तिचा राग परत आला. शिशिरात खराट्यासारख्या झालेल्या झाडाला पालवी फुटावी तसा, आधी एखाददुसरा शब्द, मग अख्खं वाक्य. सासूबाईंना ते सोसलं नाही. गोळीचं त्यांना कळलं, आणि उन्हाळ्याच्या सुटीला म्हणून त्या प्राजूला गावी घेऊन गेल्या. शाळा उघडायची वेळ आली तरी पोर परत येईना. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे थोरल्या दिरांचा, आबांचा, फोन आला: "त्या गोळ्या सोड. मग पोरगी ने."

त्या दुपारी मी वर गेले तेव्हा ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. "सोडून देऊ का गं?" तिने विचारलं. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या एवढंच म्हणाल्या, "आज सोडलीत तर मुलगी कदाचित मिळेल. पण मुलीला आई मिळणार नाही."

पाऊस न आलेला जून होता. कोरेगावच्या पुढचं ते गाव ढगांखाली घुसमटलं होतं. आम्ही तिघं संध्याकाळी पोचलो. प्राजू धावत आली तर तिला आत बोलावून घेतलं गेलं. सकाळी सोप्यात सगळे जमले. सासूबाई बियाण्याच्या शेंगा फोडत होत्या, आबा घोंगडीवर, भावकीतले दोघंतिघं भिंतीला टेकून. भाऊजी खांबापाशी. ताई मधोमध मांडी घालून बसली. तिने पिशवीतून गोळी काढली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि जिभेखाली ठेवली.

"बघा! लाज न्हाई, शरम न्हाई," सासूबाई कडाडल्या. "नशा ती नशाच. बाटलीतली काय अन् गोळीतली काय!"

ताई गप्प.

"पोरीपरास गोळी प्यारी हाय व्हय तुला?" आबा पुढे सरकले. "बोल की! आता का मूग गिळून बसलीस?"

ती काहीच गिळत नव्हती. गिळायचं नव्हतं तिला. शेंगांची टरफलं तडकत होती, शब्दांमागून शब्द येत होते, तिच्या आईवडिलांपासून तिच्या चालीपर्यंत सगळं काढून झालं. मी उठणार तोच तिने डोळ्यांनीच मला खाली बसवलं. तिची नजर दाराआडून दिसणाऱ्या इवल्या फ्रॉकवर होती. असं मौन मी नंतर कुठे पाहिलं नाही. वीज पडण्याआधी आभाळ श्वास रोखून धरतं, तसं ते होतं. हळूहळू समोरची माणसंच थकली, त्यांचे आवाज एकेक करून विझले.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही.

"झालं तुमचं? आता माझं ऐका. आई, मी नशेत होते तेव्हा तुम्ही गावभर सांगितलंत, सून गुणाची झाली. ती नशा होती. आज मी तुमच्यासमोर भांडायला बसलेय, ही शुद्ध आहे. तुम्हाला गोळीची भीती नाही, माझ्या शुद्धीची आहे. मी माझी मुलगी न्यायला आलेय. आणि ही गोळी उद्याही घेणार, तिच्यादेखत घेणार."

 तेवढ्यात खांबापाशी हालचाल झाली. भाऊजींनी, ज्यांनी आयुष्यात थोरल्या भावासमोर मान वर केली नव्हती, आत जाऊन मुलीची पिशवी उचलून आणली. "प्राजू," ते म्हणाले, "चपला घाल."

पुढची तीन-चार वर्षं आम्हाला मिळाली. गोळीची मात्रा बाईंच्या सांगण्याने उतरत उतरत एका तुकड्यावर आली होती. आणि मग एका भाद्रपदात, अर्धवट बांधलेल्या इमारतींत साचलेल्या पाण्यात डासांचं राज्य झालं, आमच्या अख्ख्या सेक्टरमध्ये घराघरांत माणसं तापाने फणफणली. ताईलाही ताप आला. आम्ही तिला जवळच्या रुग्णालयात नेलं. कुठली औषधं चालू आहेत, असं ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं. ताईने खरं सांगितलं. ती नेहमीच खरं सांगायची.

त्याचा चेहरा बदलला. "अच्छा, अॅडिक्ट आहेत."

"तिला थंडी वाजून ताप येतोय," मी म्हणाले. "रक्त तपासा."

"ते विड्रॉवल असतं मॅडम, नशा उतरली की होतं तसं. यांना माहितेय सगळं. गोळ्या मागायला येतात अशा केसेस."

ताईने हसण्याचा प्रयत्न केला. "अरे बाबा, गोळी माझ्याकडे आहे. तू ताप बघ."

रक्त तपासलं ते दुसऱ्या दिवशी, ती बरळू लागल्यावर. तोवर मलेरिया मेंदूत चढला होता. शेजारच्या खाटांवर तोच ताप घेऊन आलेली माणसं दोन दिवसांत चालत घरी गेली, कारण त्यांच्या थंडीला डॉक्टरांनी थंडीच मानलं होतं. ताई गेली.

तेराव्याला बायका जमल्या. पांढऱ्या साड्या, हळू आवाज, पंख्याची घरघर. सोसायटीतल्या एक बाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सुटली बिचारी. शेवटी त्या नशेनंच घात केला हो." आजूबाजूला माना हलल्या. किती सहज हलल्या! मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून प्राजूचा आवाज आला, तिच्या आईसारखाच, न चढवलेला:

"माझ्या आईला मलेरिया झाला होता, काकू."

बायकांनी पदर सावरले, नजरा खाली गेल्या. पण ते पटलं म्हणून नव्हे, अवघडलं म्हणून. जिना उतरताना त्या बायका पुन्हा तेच बोलल्या असतील, आणि त्यांच्या घरांत आजही ताई तशीच मेलेली असेल.

माणूस गेल्यावर त्याच्या रिकाम्या जागेवर लोक आपल्या सोयीची एक गोष्ट आणून बसवतात, आणि काळ, ज्याला आपण उगाच दयाळू म्हणतो, तिच्यावर वर्षांची धूळ साचवून तिला सत्यासारखी जुनी करतो. मला सांत्वन नको आहे. स्मरण म्हणजे माझ्यासाठी पाणावलेले डोळे नव्हेत. स्मरण म्हणजे जी आता बोलू शकत नाही तिच्या वतीने, कितीही वर्षं लोटली तरी, भांडत राहणं.