वाजवली की ऐकू आली?

मी घंटा बोलतेय. गावसभेच्या इमारतीवरची, पितळेची. लोक मला मान वर करून बघतात. मी मात्र सगळ्या गावाची डोकी बघते, आणि डोक्यांत काय शिजतंय तेही.

दोन टेकड्यांच्या मध्ये, नदीच्या वळणावर हे गाव बसलं आहे. वरची आळी, मधली आळी, खालची आळी, संपलं गाव. माझा आवाज टेकडीवर आपटतो, झऱ्यावरून घसरतो आणि खालच्या आळीत जरा उशिरा पोचतो. तिथले लोक सभेला उशिरा येतात आणि खापर माझ्यावर फोडतात!

जुनं गाव पुरात गेलं. वाचलेल्यांनी चिखलातून भांडी, कड्या, बिजागऱ्या वेचल्या आणि मला ओतलं. नियमही त्यांनीच केला: घंटा वाजवावी, जे येतील त्यांनी हात वर करून ठरवावं.

पुढच्या पिढ्या सुखावल्या. सभेला येईनाशा झाल्या. "घंटा काय, वाजतच असते," म्हणून कूस बदलू लागल्या. याचा मला भयंकर संताप येई. कारण मैदान रिकामं दिसलं की ते कुणाच्या डोळ्यांत भरतं, हे मला वरून स्वच्छ दिसत होतं.

एका अध्यक्षांच्या भरलंच. बाटलीबंद पाण्याच्या कंपनीला झरा कायमचा देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं. खालची आळी त्याच पाण्यावर जगते. सभेत हे कोण मंजूर करणार? मग एका दुपारी, सगळे शेतात असताना, अध्यक्षांनी माझ्या लोलकाला, म्हणजे माझ्या जिभेलाच, गोणपाट बांधलं. खाली उतरून आपल्या चार माणसांसमोर दोर ओढला. मी हलले. आवाज कसला? उशीवर थापटी मारावी तसा.

तेवढ्यात त्यांची वहिनी समोरून चालली होती. थोरल्या भावाच्या माघारी खालच्या आळीतली पावाची भट्टी तीच चालवते. दोर खालीवर होतोय आणि घंटा मुकी! तिने पावाची टोपली तिथेच टेकवली, जिना चढली, गोणपाट ओरबाडून काढलं आणि खाली येऊन दोराला लोंबकळलीच.

काय वाजले मी! चिखलाच्या पायांनी शेतकरी आले. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आलं, मागोमाग वस्तरा घेऊन न्हावी.

"वहिनी, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?" अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले.

"झरा तुमच्या घरातला आहे का, भाऊजी?"

"हे बघा, नियमात 'घंटा वाजवावी' एवढंच आहे. मी वाजवली. या चौघांनी पाहिली."

"पाहिली ना? ऐकली कुणी?"

चौघे आपापल्या चपला न्याहाळू लागले.

"दोर ओढला की घंटा वाजली, तर मग भट्टीचं दार उघडलं की पाव भाजले! उद्यापासून तेच खा."

"आणि माझी दाढी?" गिऱ्हाईक ओरडलं. "वस्तरा लागलाय म्हणजे झालीच म्हणायची!"

हशा ओसरल्यावर मत घेतलं. झरा देण्याच्या बाजूने अध्यक्षांचा हात वर गेला. चौघांपैकी एकाचा निम्मा गेला आणि कान खाजवून खाली आला. विरोधात अख्खं मैदान उभं राहिलं. झरा गावाचाच राहिला! त्याच बैठकीत नियमही बदलला: 'खालच्या आळीतल्या शेवटच्या घरात ऐकू जाईल, अशी घंटा वाजवावी.'

त्या दिवशी वहिनीने दोर असा ओढला की माझ्या काठाला तडा गेला. आता माझा आवाज घोगरा निघतो. नवी घंटा आणायचा विषय निघाला, तेव्हा खालची आळीच उसळून उठली: "हीच राहू दे. हिचा घोगरा आवाज लाखात ओळखू येतो; कुणी दाबला तर लगेच कळेल."

मला तेल नको, पॉलिश नको. ऐकलंत की या. भांडा, अध्यक्षांना घाम फोडा, पण या. घसा माझा बसलाय, तुमचा नाही.