पोटात माती

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. जवळ या, पण माझ्यात बसून फोटो काढायचा नाही, हे आधीच सांगून ठेवते. तसले लोक मी पाच उन्हाळे सोसले आहेत.

नॉर्वेत डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या, म्हणजे फियोर्डच्या, टोकाला तेवीस घरांचे गाव आहे. तिथे सुनिवाच्या वडिलांनी हिवाळाभर खपून मला पाइनच्या फळ्यांपासून बांधले. मी सुईण नेली, टपाल नेले, मेंढ्या पैलतीरी चरायला नेल्या. सुनिवाच्या लग्नात वरात चर्चला नेली तीही मीच. वल्ही नवरीच्या हातात होती, कारण नवऱ्याला वल्हवता येत नव्हते. मला कधी स्वस्थ बसवलेच नाही. धक्क्याला बांधून ठेवले, तरी मी दोरीला हिसके देत राहायची.

मग डोंगरातून बोगदा आला आणि गाडीने पैलतीर गाठता येऊ लागला. नवऱ्यामागे एकटी राहिलेली सुनिवा एका हिवाळ्यात बर्फावर घसरली, खुबा मोडला. तिची मुलगी तुरिड तिला शहरात घेऊन गेली. जाताना सुनिवाने शेजारच्या ओडवारला सांगितले, "होडीकडे बघ."

ओडवारने बघितले. मन लावून बघितले, हेच तर दुःख आहे. तेव्हा आमच्याकडे पांढऱ्या शुभ्र पर्यटक बोटी येऊ लागल्या होत्या. वसंतात सारे गाव श्रमदानाला जमले, तेव्हा त्यांनी मला उचलून धक्क्यावर ठेवले. लाल रंग फासला. साठलेले पाणी जावे म्हणून ओडवारने माझ्या तळाला तीन भोके पाडली, पोटात माती भरली आणि जिरेनियमची फुलझाडे लावली. होडीला भोके पाडणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? आणि काम झाल्यावर सगळ्यांनी कॉफी पीत माझे कौतुक केले!

पाणी माझ्यापासून दोन हातांवर होते. बोटीमागून येणारी लाट दगडांवर आपटायची आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. वाऱ्याउन्हाने फळ्या आकसल्या, फटींत हाताचे बोट जाईल इतकी मी सुकले. लोक यायचे, फोटो काढायचे, चार तासांनी जायचे. त्यांचा मला हेवा वाटायचा, कारण ते जायचे तरी.

गेल्या जुलैत अशीच एक बोट दुपारी बारा वाजता नांगरली. छोट्या बोटीतून माणसे धक्क्यावर उतरली. त्यांत कोटावर सहलीचा चौदा नंबरचा कागद चिकटवलेली एक म्हातारी काठी टेकत आली. ती सुनिवा होती. स्वतःच्या गावात पाहुणी म्हणून, चार तासांसाठी. सोबत तुरिड होती.

सुनिवाने जिरेनियम बाजूला केले आणि माझ्या फटीत नख घातले. तेवढ्यात ओडवार हसत आला.

"छान दिसते ना? सगळे विचारतात हिच्याबद्दल."

"ओडवार, बटाटे का नाही लावलेस? निदान पोटाला तरी मिळाले असते."

ओडवारचे हसू गेले. "तू म्हणालीस, बघ म्हणून."

"बघ म्हणाले, पुरून टाक नाही म्हणाले. फावडं आण."

तासाभरात शेजारी घमेली घेऊन हजर झाले. माती निघाली. सुनिवा धक्क्यावर बसून बर्चच्या लाकडाच्या तीन खुंट्या तासत होती. त्या तिने स्वतः माझ्या तळाच्या भोकांत ठोकल्या. मग मला उथळ पाण्यात सोडले आणि माझ्या पोटात मोठाले दगड ठेवले. फटीफटीतून पाणी आत आले. मी बुडू लागले.

पर्यटक ओरडले, "होडी बुडतेय!" एक जण तर बुडणाऱ्याला फेकायचे तरंगते कडे घेऊन धावला.

"बुडू दे," ओडवार म्हणाला. "सुकलेली होडी आम्ही अशीच बरी करतो. तळाशी राहून लाकूड फुगतं, फटी मिटतात."

"मिटल्या तर," सुनिवा म्हणाली. "पाच वर्षं कोरडी आहे ती. कदाचित उशीर झाला असेल."

चार वाजायला आले. तुरिड घाईने आली. "आई, शेवटची बोट. चल."

"तू जा. मला तीन दिवस इथे थांबायचंय."

"तुझ्या गोळ्या?"

"पिशवीत आहेत."

"आणि राहशील कुठे?"

"माझ्या घरी," सुनिवा म्हणाली. "किल्ली ओडवारकडे आहे. ती तरी त्याने पेरलेली नाही."

भोंगा वाजला. तुरिड आधी बोटीकडे बघत राहिली, मग आईकडे, आणि शेवटी पायऱ्यांवर बसून बूट काढू लागली. चौदा नंबरचा कागद सुनिवाने माझ्यातून काढलेले जिरेनियम ज्यात ठेवले होते त्या डब्याला चिकटवला.

तीन दिवस मी तळाशी होते. खूप घाबरले होते, आणि खूप सुखातही होते. सुनिवा रोज सकाळी पाण्यात वाकून बघायची. चौथ्या दिवशी दगड काढले, पाणी उपसले, आणि तिने वल्ही मारली. पाणी झिरपत होते, पण थोडेच. तुरिड कॉफीच्या कपाने ते बाहेर टाकत बसली.

"शहरात कधी जायचं?" तिने विचारले.

"आधी पैलतीर तर येऊ दे," सुनिवा म्हणाली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुने झालेल्यांना काठावर सजवून ठेवू नका. आम्ही थोडे गळतो, वेळ लागतो. पण आम्हाला पाण्यात घाला, आणि सोबत एक कप ठेवा.