सर्जेरावांनी दिलेली बोट

वाटणी झाली तेव्हा सर्जेरावांनी देवगाव रंगारीची विहिरीखालची जमीन स्वतःकडं ठेवली, मुरमाड तुकडा धाकट्या सुदर्शनला दिला आणि वर मोठ्या मनानं एक जुनी फायबरची बोट दिली. नाथसागर धरणावर माणसं फिरवायला ने, चांगला धंदा आहे, असं ते चार माणसांत म्हणाले. चार माणसांनी माना हलवल्या. सुदर्शन तर सगळ्यांदेखत भावाच्या पाया पडला.

त्याची बायको तनुजा दारात उभी राहून हे बघत होती. बोट नजरेला पडायच्या आधीच तिला त्या बोटीची चीड आली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बोट शहरात, गारखेड्यात आली आणि त्यांच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, विटांवर बसली. ज्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं बोट आल्यावर लोक बोलायचं ते बोललेच. समोरच्या भागूबाई येता-जाता विचारायच्या, पाणी आणायला आता बोटीनं जाणार का? सुदर्शन हसायचा. कुणी हिणवलं की आधी हसायची त्याला सवय होती. हिणवलंय हे संध्याकाळपर्यंत कळायचं, कधी तेही नाही.

त्यानं बोट बाहेरून रंगवली. आत पाय ठेवायच्या तळावर जुनं निळं मेणकापड चिकटवलेलं होतं, त्यावर गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं आणि तनुजाला दाखवायला बोलावलं. ती आत चढली, दोन पावलं चालली आणि तिची टाच खाली गेली. चहात बुडवलेल्या पावावर पाय द्यावा तशी.

"हे काय आहे?"

"थोडं मऊ झालंय," सुदर्शन म्हणाला. "म्हणून तर गवत टाकलं."

तनुजा शाळेत चित्रकला शिकवायची. कागदाला भोक पडलं की त्यावर रंग थापणारी चौथीतली पोरं तिनं बघितली होती. पण त्या पोरांना निदान लाज वाटायची.

तिनं घरातून कात्री आणली, गवत उभं चिरलं आणि खालचं मेणकापड सोलून काढलं. फायबर तडकलेलं होतं. त्याखालचं प्लायवूड काळं पडून बोटानं उकरलं तरी निघत होतं. मधोमध भगदाडावर पत्रा ठोकलेला होता आणि वरून मेणकापड डकवलेलं. हे कुणी केलं, असं तिनं विचारलं. सुदर्शननं पत्रा बोटानं वाजवून पाहिला. मग म्हणाला, दादाला माहीत नसेल, गड्यानं केलं असेल.

"व्हय," तनुजा म्हणाली. "आन् विहिरीखालची जमीनपण गड्यानंच ठेवून घेतली असंल."

बोट आहे तशी कुणाला तरी विकून टाकू, असं सुदर्शनचं म्हणणं पडलं. गवत अंथरून का, असं तिनं विचारलं.  तो जाऊन भाड्यानं फायबर कापायचा ग्राइंडर घेऊन आला.

कडेनं चार बोटं जागा सोडून त्यांनी सगळा तळ कापून काढला. खालचे लाकडी दांडे कुजले होते, त्यांच्यामधला फोम स्पंजासारखा पाणी पिऊन बसला होता. ते सगळं खरवडून बोट उन्हात वाळू दिली. नवे दांडे बसवले, नव्या प्लायवूडला सगळीकडून रेझिनचा पातळ डिंक पाजून ते वर बसवलं. आता त्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, ती रेझिनमध्ये भिजवायची आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची, एवढंच राहिलं.

तनुजानं बादलीभर रेझिन एकदम कालवलं आणि त्यात ते घट्ट करणारा हार्डनर सढळ हातानं ओतला. एवढ्या उन्हात इतकं नको, असं सुदर्शन म्हणाला होता. पण त्याचं ऐकायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. अर्धी चटई भिजायच्या आत बादली तापली, धूर निघाला आणि ब्रशसकट सगळ्याचा दगड झाला.

तो काहीतरी लावून बोलेल म्हणून ती थांबली. त्यानं बादली उचलून बाहेर नेऊन ठेवली.

"बोला की," ती म्हणाली. "कधीतरी बोला."

"उद्या ऊन चढायच्या आत थोडं थोडं कालवू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गुडघ्यांवर बसून रोलर फिरवत राहिला. एक बुडबुडा दिसला तरी परत मागं यायचा. एक थर झाला, मग दुसरा. त्यात खोट काढायला तिला काही सापडेना. एवढं चिवट काम करणारा माणूस भावासमोर गेला की लोण्याचा होतो, हे आठवून तिला उलट जास्तच संताप आला.

इंजिन बसवून बोट नाथसागरात उतरली. तळावर कुणीही पाय आपटावा, जागचा हलत नव्हता. दोन-तीन रविवारी गिऱ्हाईक मिळालं, आणि बोट बरी चालते ही बातमी देवगावला पोचली. लगेच सर्जेराव पाहुणे घेऊन हजर झाले, पांढऱ्या कपड्यांत, गॉगल लावून. बोटीत बसायला काठावर सहलीला आलेले शिक्षक थांबले होते. सर्जेरावांनी त्यांना हातानंच बाजूला सारलं.

"आधी पाहुण्यांना फिरवून आण," ते भावाला म्हणाले. "आन् हंगाम संपला की बोट गावाकडं आणून लाव. घरची वस्तू हाय."

तनुजानं तोंड फिरवलं. आता हा 'व्हय दादा' म्हणणार, ते तिला बघायचं नव्हतं.

"नाय दादा," सुदर्शन म्हणाला. "तुम्ही दिली ती बोट तिकडं प्लॉटवर पडलीय. काळं प्लायवूड, फोम, पत्रा, सगळं हाय. कवाबी घेऊन जा."

सर्जेराव पाहुण्यांकडं बघून हसले. पाहुणे हसले नाहीत. मग बायकोच्या ताब्यात गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी पुटपुटत सर्जेराव पाहुण्यांना घेऊन गाडीकडं निघाले. गावात पुढं कितीतरी दिवस ते हेच सांगत फिरले, आणि सुदर्शन ते खोडायला एकदाही गेला नाही.

 पण त्या वेळी इंजिनाची दोरी त्याला नीट धरताही येईना. तनुजाला वाटलं, दोन चांगले शब्द बोलावेत. मग वाटलं, एवढ्याशावर कौतुक केलं तर हा माणूस पुढची दहा वर्षं त्यावरच बसून काढील.

"सरका," ती म्हणाली आणि दोरी स्वतः ओढली. इंजिन सुरू झालं. तिनं शिक्षकांना हात केला. "या, चढा. मधोमध बसा, काही होत नाही."