जाळीआडचं ‘लागलं’

मी तलवारबाजीचा मुखवटा बोलतोय. तोंडावर जाळी असल्यामुळे आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. आणि बोलता बोलता मध्येच दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐकू आला, तर घाबरू नका. मीसुद्धा आधी घाबरलो होतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादी तारांची जाळी साच्यात दाबून माझा चेहरा घडवला. मग एका कामगाराने माझ्या कपाळावर टोकदार सळई दाणकन मारून पाहिली. मी फाटलो नाही. "हा टिकेल," तो म्हणाला. आयुष्यातलं पहिलं कौतुक मला मार खाऊन मिळालं.

तिथून मी आलो एका जुन्या गोदामाच्या माळ्यावर. खाली दोरखंड विकायचे आणि वर मुलं तलवारबाजी शिकायची. शिकवणाऱ्या बाई बुटक्या होत्या, एका गुडघ्याला कायम पट्टा. पण आवाज असा, की हातातली पाती आपोआप सरळ व्हावीत.

या खेळात वार लागला की यंत्रावर दिवा पेटतो. पण बाईंनी सरावातून ते यंत्र बंद करून कपाटावर चढवून ठेवलं होतं. कारण एकदा एक मुलगा दुखरा खांदा चोळत चोळत हसून म्हणाला होता, "दिवा कुठे पेटला? मग मला लागलंच नाही!"

त्या दिवसापासून बाईंनी जुन्या काळच्या योद्ध्यांची रीत परत आणली. ज्याला वार लागला त्यानेच थांबायचं, हात वर करायचा आणि सांगायचं, "लागलं." मारणाऱ्याने गप्प राहायचं. समोरच्याच्या हातून तलवार पडली तर ती आपण उचलायची आणि मुठीकडून परत द्यायची. आणि लढण्याआधी व लढून झाल्यावर मुखवटा काढून, चेहरा दाखवून सलामी द्यायची.

"बाई, ही घोड्यावरच्या वीरांची तत्त्वं," एका मुलीचे वडील म्हणाले होते. "आता घोडे तरी कुठे राहिलेत?"

"घोडे गेले हो," बाई म्हणाल्या, "पण वार करणारे आहेत ना अजून!"

मला पहिल्यांदा डोक्यावर चढवलं ते थोरलीने. तिची एक धाकटी बहीण होती, फार बुजरी. थोरलीने बाईंचा नियम माळ्यावर ठेवला नाही, घरी नेला. सराव झाला की मलाही ती घरी न्यायची; तिथल्या कपाटावरून मी सगळं बघायचो.

"भांडी घासायची पाळी तुझी होती ना? मग धाकटीने का घासली?" आई विचारायची.

थोरली सबबी सांगायची नाही. हात वर करून म्हणायची, "लागलं, आई." आणि शेवटी थोडंसं हसायची. वडिलांना ही थट्टाच वाटायची. पण एकदा ते विनाकारण धाकटीवर ओरडले, तेव्हा जेवताना त्यांचाच हात हळूच वर गेला. त्या घरातली भांडणं थांबली नाहीत, पण ती शिळी होईनाशी झाली.

मग थोरली आजारी पडली. आजाराचं नाव घरात कुणी मोठ्याने घेत नसे. तिने हट्टाने मला दवाखान्यात नेलं. "हे काय आणलंस, माशा पकडायची जाळी?" असं नर्सने विचारल्यावर ती खूप हसली. सुई टोचली की हात वर करून म्हणायची, "लागलं!" शेवटच्या दिवशी तो हात वर झाला नाही. मी उशाशीच होतो.

त्यानंतर किती दिवस पिशवीत अंधारात होतो, कोण जाणे. एके दिवशी चेन उघडली आणि धाकटीचा चेहरा दिसला. ती बाईंसमोर उभी राहून पुटपुटली, "मी शिकेन. पण ताईचाच मुखवटा घालीन."

माझ्या पट्ट्यात थोरलीचा एक केस अडकलेला होता. धाकटीने तो तसाच राहू दिला.

तिची जोडी लावली ती एका लांबलचक मुलीशी. तिला सगळे शिडी म्हणायचे. पहिल्याच दिवशी शिडीचं पातं धाकटीच्या छातीवर आलं. धाकटीने तोंड उघडायच्या आत माझ्या आतून आवाज आला, "लागलं."

तो आवाज थोरलीचा होता. शेवटी तेच थोडंसं हसू.

धाकटी जागच्या जागी थिजली. मी तर आधीच पोलादी, पण मीसुद्धा थरारलो. बाकी कुणाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"अगं, लागलं की नाही?" बाईंनी विचारलं.

"ला... लागलं."

त्यानंतर धाकटीची तलवार हळूहळू खाली यायला लागली. वार दिसायचा, चुकवता आला असता, पण ती चुकवायची नाही. कारण वार आला की ताई बोलायची. ती अंगावर काळेनिळे डाग घेऊन घरी जायची आणि चेहरा मात्र खुललेला.

"अगं, काय हे!" आई हळद लावत म्हणायची. "जरा तरी अंग चोरावं माणसाने!"

शिडी रोज जिंकत होती. त्या जोरावर ती मोठ्या स्पर्धेला गेली आणि पहिल्याच फेरीत सपाटून हरली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. सगळ्यांसमोर ती धाकटीला म्हणाली, "मला वाटलं, मी चांगली खेळतेय. तू मला वेड्यात काढलंस. तुझ्याशी लढणं म्हणजे उशी बडवणं!"

बाईंनी धाकटीला बाजूला घेतलं. तिने मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला स्वतःच्या डोक्यावर चढवलं, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

"मला नाही येत ऐकू," मला काढत त्या म्हणाल्या. "पण तू म्हणतेस तर येत असेल. दुसरा मुखवटा देऊ?"

"नको!"

"मग ऐक. वार चुकवायला जीव तोडून झटायचं, आणि तरीही तो लागला तर ‘लागलं’ म्हणायचं. तेव्हाच ते खरं. शिडीचा विजय तू चोरलास."

"चोरला कुठे? मी तर तिला दिला."

"न लढता दिलेला विजय चोरल्यासारखाच असतो गं."

"पण बाई, मी वार चुकवले तर ताई बोलणार नाही."

बाईंनी तिची समजूत घातली नाही. एवढंच म्हणाल्या, "हो. नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशी धाकटी शिडीसमोर उभी राहिली. तिने सलामी दिली आणि मला चढवलं. पहिला वार आला. तिने तो अडवला. पात्यावर पातं खणखणलं आणि माझ्या आत शांतता. दुसराही अडवला. पुन्हा शांतता. प्रत्येक वार अडवताना ती आपल्या हाताने एकेक दार बंद करत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या हनुवटीच्या कापडात झिरपत होतं, पण तलवार खाली आली नाही. शिडीला घाम फुटला.

मग शिडीचं पातं धाकटीच्या खांद्याला इतकं हलकं टेकून गेलं, की खुद्द शिडीलाही कळलं नाही. ती पवित्रा घ्यायला मागे वळलीसुद्धा.

मी वाट पाहिली. धाकटीनेही पाहिली. आता तरी ती बोलेल. खरा वार आहे हा. थोरले, बोल ना!

काहीच नाही. नुसता धाकटीचा श्वास.

मग धाकटीचा हात वर गेला. "लागलं."

आवाज तिचा स्वतःचा होता, बारीक आणि ओला. पण शब्दाच्या शेवटी थोडंसं हसू होतं. ते कुणाचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"कुठे लागलं?" शिडी गोंधळली. "मला तर कळलंच नाही."

"मला कळलं."

धाकटीने मला काढलं. त्या गडबडीत तलवार खाली पडली. शिडीने तिचा रडून लाल झालेला चेहरा पाहिला. मग वाकून तलवार उचलली आणि मुठीकडून तिच्या हातात दिली.

त्या दिवसानंतर तो आवाज मी कधीच ऐकला नाही.

आता धाकटी माझ्यात मावत नाही. मी खुंटीवर असतो, नवीन येईल त्याच्या डोक्यावर चढतो. जाळीला गंज धरलाय, पट्टा बदललाय. जुना पट्टा धाकटी घेऊन गेली, त्या केसासकट. मुलं निघून गेली की खिडकीतून वारा येतो आणि माझ्या जाळीतून आरपार जातो. तेव्हा वाटतं, कुणीतरी बोलण्याआधी श्वास घेतंय. मी कान देतो. पण पुढे शब्द येत नाही.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्याकडे तलवार नसेल, पण कुणाचं तरी खरं बोलणं तुम्हाला कधीतरी लागत असेलच. तेव्हा कुणी पाहिलं का, दिवा पेटला का, हे बघत बसू नका. हात वर करा आणि तो शब्द म्हणा. जरा मोठ्याने म्हणा.

इथे खुंटीवर कुणीतरी तो ऐकायला थांबलंय.